थोरल्यानं जायचा सण

"ओचिरदादा, अंगरखा वाळत घातलाय की गोठवायला?" शेजारच्या बुदमानं कुंपणावरून विचारलं.

"वारा लागू दे म्हटलं. धुराचा वास तरी जाईल."

"वारा? आणि आपल्या टेकडीवर?" बुदमा हसता हसता खोकली. "दादा, वय झालं हो तुमचं!"

ओचिर ओशाळला. दोरीवर त्याचा सणाचा निळा अंगरखा फळीसारखा ताठ झाला होता आणि आसपासच्या तंबूंमधला कोळशाचा धूर त्याच्यावरून खुशाल वाहत होता. चाळीस वर्षं ओचिरनं पत्र्याच्या शेगड्या बनवल्या. अर्धी टेकडी त्याच्या हातच्या शेगड्यांवर ऊब घेत होती. पण इथला वाराच धुराचा, एवढी साधी गोष्ट काही त्याच्या डोक्यात आली नाही.

त्याच्या तीन वर्षांच्या नातीला, नोमिनला, एकाच हिवाळ्यात तीनदा न्यूमोनिया झाला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "धूर नको. कपड्यांतलासुद्धा नको." मग त्याची लेक सारुल पोरीला घेऊन खाली उलानबातर शहरात, नळाच्या गरम पाण्यावर तापणाऱ्या एका खोलीत राहायला गेली. त्याला दोन महिने झाले होते.

आज पांढऱ्या महिन्याचा पहिला दिवस. धाकट्यांनी थोरल्याच्या घरी जायचं, त्याच्या कोपरांखाली हात देऊन त्याला आधार द्यायचा आणि थोरल्यानं त्यांचे दोन्ही गाल हुंगायचे, म्हणजे वर्ष सुरू झालं. नोमिन टेकडीवर येऊ शकत नव्हती, म्हणून थोरलाच निघाला. दोन दिवस त्यानं शेगडी पेटवली नव्हती. पिंपातल्या पाण्याचा दगड झाला होता, तो फोडून, घासलेटच्या स्टोव्हवर वितळवून त्यानं डोकं धुतलं होतं.

दार उघडताच सारुलचा चेहरा फुलला, आणि लगेच उतरला.

"बाबा, अंगरखा... तेवढा बाहेरच ठेवता?"

"ठेवतो की. त्यात काय!"

तो अंगरखा जिन्याच्या कठड्यावर टाकतोय तोच आतून नोमिन धावत आली. तिनं दोन्ही हात पुढे केले. ते कसेबसे त्याच्या कोपरांना पुरावेत म्हणून तो उंबऱ्याबाहेर गुडघ्यांवर बसला.

"आबा, मी धरलंय तुम्हाला!"

"धर गं बाई. घट्ट धर, नाहीतर म्हातारा पडेल."

त्यानं तिचा उजवा गाल हुंगला. साबणाचा आणि दुधाचा वास आला. दोन महिने तो याच एका वासासाठी जगला होता. तो डाव्या गालाकडे वळला आणि पोरीला खोकल्याची उबळ आली. थांबेचना. ओठ निळसर झाले. सारुलनं तिला उचललं आणि वाफेच्या मास्ककडे धावली.

ओचिरनं बाहेरून दार लावून घेतलं.

बऱ्याच वेळानं खोकला ओसरला. सारुल दाराशी आली. "बाबा, आत या ना. चहा तरी..."

"उघडू नकोस."

"तुमची चूक नाहीये हो."

"तुझीही नाही. रडू नकोस, पोर बघत असेल."

मग आतून बारीक आवाज आला, "आबा, हा गाल राहिला!"

ओचिर वाकला. नोमिनचं तोंड जिथं असेल असं वाटलं, तिथं त्यानं बंद दाराला नाक लावलं आणि आत ऐकू जाईल असा मोठा श्वास ओढला. लाकडाला रंगाचा वास होता.

"हुंगला गं!"

ती खुदकन हसली, आणि हसता हसता पुन्हा खोकली. ओचिर पायांचा आवाज न करता जिना उतरू लागला.