गोधडीच्या पलीकडं

भर दुपारी घर निजलं होतं. पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीची कडी खट्‌कन वाजली आणि कितीतरी वर्षांनी माझ्या अंगावर उजेड पडला.

मित्रांनो, मी एक जुनी छर्‍याची बंदूक आहे. चाकूरच्या लिंबाजीनं मला जत्रेत फुगे फोडायला आणलं. माझ्यात दम बेताचाच. माझी हवा छर्‍याला जेमतेम फुग्यापर्यंत न्यायची. फुग्यांच्या मागं त्याच्या बायकोच्या, केवळाबाईंच्या, जुन्या लुगड्यांची गोधडी टांगलेली असे. छर्रा तिच्यावर आपटून टप्‌कन खाली पडायचा. तिच्या आड त्यांची लेक महादेवी सावलीत बसून फुगे फुगवायची. तिथं बसणं म्हणजे आईच्या पदराआड बसणं, असंच सगळ्यांना वाटे. मलाही.

फुगा फुटला की पोरं नाचायची. मला फार बरं वाटायचं. पण माझं चामड्याचं वायसर झिजलं, हवा गळू लागली आणि छर्रा फुग्याला नुसता शिवून परतू लागला.

"ओ मालक, हिच्यापरीस माझी फुंकर बरी!" एक गिऱ्हाईक म्हणालं. लोक खदखदून हसले. लिंबाजीची मान खाली गेली.

"मामा, लोक हसायलेत," भाचा बसवराज म्हणाला. "हिला लातूरला नेऊ. अशी करून आणतो, बघतच राहाल."

"नुस्तं वायसर बदला की," केवळाबाई म्हणाल्या. "फुगाच फोडायचाय, वाघ न्हाई मारायचा."

"मामी, तुम्ही फुग्याचं बघा. बंदुकीचं आम्ही बघतो."

लेथवाल्यानं मला खोललं. वायसर नवं घातलं, स्प्रिंग जाड बसवली, हवेची वाट रुंद केली. मला तर नवा श्वास मिळाल्यासारखं झालं. परीक्षा म्हणून तेलाच्या रिकाम्या डब्यावर मला झाडलं. पत्र्याला भोक पडलं. बसवराजनं शिट्टी मारली. लिंबाजीनं कितीतरी दिवसांनी मान वर करून माझ्यावरून हात फिरवला.

सगळ्यांनी डबा पाहिला. गोधडी मात्र कुणालाच आठवली नाही. ती होती तिथंच, तशीच टांगली गेली.

पुढच्या जत्रेत पहिलाच बार बसवराजनं काढला. फुगा फुटला. पोरं ओरडली, "फुटला! फुटला!" त्या गलक्यात गोधडीमागची किंकाळी आधी कुणाला ऐकूच आली नाही.

महादेवीचा उजवा डोळा गेला.

लिंबाजीनं पुन्हा दुकान लावलं नाही. त्यानं मला पेटीत ठेवलं आणि कडी लावली. पुढं तो गेला. महादेवीचं लग्न झालं, लेक झाली. केवळाबाई तिच्याकडंच राहायला आल्या, आणि त्यांच्याबरोबर ही पेटीही.

मित्रांनो, कशाचीही ताकद वाढवावी, त्यात वाईट काही नाही. पण आधी एकदा पलीकडं जाऊन बघावं. तिथं कुणीतरी बसलेलं असतं.

आज कडी उघडली ती महादेवीच्या लेकीनं, रेवूनं. आजीनं तिला सगळं सांगितलेलं असावं. ती मला घाबरली नाही. फ्रॉकच्या टोकानं तिनं माझ्यावरची धूळ पुसली, पलंगावर निजलेल्या आईकडं एकदा पाहिलं आणि माझ्या नळीशी तोंड आणून हळूच विचारलं,

"बंदुके, पलीकडं माझी आई बसलीय, हे तुला कुणीच सांगितलं न्हाई का गं?"