हॅरिस पार्कचे सोमवार

मिहिरने सावनीच्या हातातून फोन काढून घेतला आणि तिने नुकतंच टाइप केलेलं नाव सरळ खोडून टाकलं.

"तिथे अजिबात जायचं नाही. रगडा म्हणून छोल्यांचं पाणी देतात."

"दादा, गूगलवर फोर पॉइंट सेव्हन आहे."

"गूगलला काय कळतंय रगड्यातलं! तू मी सांगतो ते लिही."

सावनी त्याची मामेबहीण. मेलबर्नमध्ये क्लेटनला दोन वर्षं युनिव्हर्सिटीत शिकली आणि आता पुढच्या आठवड्यात सिडनीला, पॅरामॅटाच्या एका ऑफिसात रुजू होणार होती. निरोपाचं जेवायला म्हणून शनिवारी वेरिबीला त्याच्या घरी आली आणि बोलता बोलता सांगून बसली, की खोली हॅरिस पार्कला मिळालीय. झालं! मिहिरच्या अंगातच आलं. बारा वर्षांपूर्वी तो आणि बायको निहारिका तिथेच, दोन गल्ल्या सोडून राहायचे. सिडनी सोडून इतकी वर्षं झाली, तरी हा माणूस मेलबर्नमध्ये सिडनीच्या जावयासारखा वागे. इथली कॉफी चांगली, एवढं मान्य करायलाही त्याला पाच वर्षं लागली होती.

"डोसा फक्त कोपऱ्यावरच्या अण्णाकडे. तो ओरडतो, मनावर घ्यायचं नाही. बिर्याणी शुक्रवारची, बाकीच्या दिवशी शिळी. आणि जिलबी सकाळी अकराच्या आत. नंतर ती नुसती पाकात बुडालेली असते."

"अण्णा अजून असेल का पण?"

"अण्णा कुठे जातोय!" मिहिर म्हणाला, पण जरा चाचरला.

ओट्यापाशी निहारिका कोथिंबीर निवडत होती. इतका वेळ ती गालातल्या गालात हसत ऐकत होती. आता मान वर न करता म्हणाली, "आणि स्टेशनच्या मागे लिसीचं आहे बघ, केरळी. तिथे जा नक्की. पण सोमवारी जा. बांगड्याचं कालवण ती फक्त सोमवारीच करते."

मिहिर गर्रकन वळला. हॅरिस पार्कमधलं एखादं हॉटेल आपल्याला माहीत नाही, हे त्याला नवीनच होतं.

"कुठली लिसी?"

"आहे एक."

"आपण कधी गेलो तिथे?"

"आपण नाही गेलो."

सावनीने फोन खाली ठेवला. कालवणापेक्षा हे चवदार दिसत होतं. "सोमवारी? वहिनी, तुझे तर तेव्हा सोळा सोमवार चालले होते ना? दादाच्या नोकरीसाठी?"

ही गोष्ट अख्ख्या खानदानाला तोंडपाठ होती, कारण मिहिरने ती न सांगता एकही लग्न की एकही मुंज सोडली नव्हती. स्किल्ड व्हिसावर आलेला इंजिनियर, सात महिने नोकरी नाही. आई ठाण्याहून मदतीला आलेली, आणि सासूसुनांनी मिळून धरलेले सोळा सोमवार. दर सोमवारी दुपारी दोघी देवळात जायच्या, दिवसभर पाण्यावर. "परदेशात राहून, अर्धवेळ नोकरी करून हिने माझ्यासाठी उपास काढले," असं तो चारचौघांत सांगे, तेव्हा त्याचा आवाज खरोखर जड होई.

"चार वर्षं राहिलो तिथे," निहारिका म्हणाली. "सोमवार काय सोळाच आले?"

"ते सोड," मिहिर म्हणाला. "गेलीस कुणाबरोबर?"

निहारिकाने निवडलेली कोथिंबीर पुन्हा निवडायला घेतली.

"आईंबरोबर," ती म्हणाली.

मिहिर हसला. "काहीतरीच. आई हॉटेलात पाणीसुद्धा प्यायची नाही."

"पाणी प्यायलाच गेलो होतो. पहिल्या सोमवारी."

आता कोथिंबिरीत लपण्यात अर्थ नव्हता. निहारिका हात पुसून टेबलाशी येऊन बसली. पहिल्याच सोमवारी, भर जानेवारीच्या उन्हात, देवळातून परत येताना आईंना भोवळ आली. समोर दिसलं त्या दारात ती त्यांना घेऊन शिरली. लिसीने आधी पाणी दिलं, मग साखर घातलेलं ताक दिलं आणि आईंचे हात थरथरताना बघून काही न विचारता पुढ्यात एक ताट आणून ठेवलं. भात आणि बांगड्याचं लालभडक कालवण.

"आणि आईने खाल्लं?"

"मी म्हटलं, आई, मासे आहेत. तर म्हणाल्या, दिसतंय मला."

सावनी खो खो हसत सुटली. मिहिर हसला नाही. तो खुर्ची ओढून बायकोच्या अगदी समोर बसला.

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. सिडनीनंतर ती पुन्हा ऑस्ट्रेलियाला आलीच नाही. आधी गुडघे, मग कोविड, मग ते आजारपण. तिच्याबद्दल जे माहीत होतं तेवढंच आता आयुष्यभर पुरवायचं, अशी मिहिरने मनाची समजूत घातली होती. आणि इथे, शनिवारी दुपारी, त्याच्याच घरात, त्याला ठाऊक नसलेली आई निघत होती. त्याला सगळंच हवं झालं.

"मग पुढच्या सोमवारी?"

"पुढच्या सोमवारीही. देवळात मात्र आधी जायचो हं, ते नाही चुकवलं. महादेव भोळा आहे, म्हणायच्या, त्याला मी समजावते. अरे, अलिबागची बाई ती! आपल्या फ्लॅटमध्ये मासे तळले की तो स्मोक अलार्म बोंबलायचा, म्हणून तीन महिने बोंबिलाचा वाससुद्धा नव्हता घेतला त्यांनी."

"बसायची कुठे?"

"खिडकीशी. रस्ता दिसला पाहिजे. आणि मेन्यू पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायच्या, मोठ्याने. मागवायचं तेच, पण वाचायच्या."

"हाताने जेवायची?"

"मग काय काट्याने? बोटं चाटून जेवायच्या. लिसीशी गप्पा काय! हिला मराठी येत नाही, त्यांना मल्याळम येत नाही. एकदा आत जाऊन फोडणी बघून आल्या. घरी आल्यावर म्हणाल्या, खोबरं आपल्यासारखंच वाटते गं ती, फक्त तेल वेगळं."

मिहिर अधाशासारखा ऐकत होता. आई परक्या स्वयंपाकघरात शिरून फोडणी बघतेय, हे डोळ्यांसमोर आणायला त्याला वेळ लागला, आणि आल्यावर इतका आनंद झाला की त्याने टेबलावर थाप मारली.

"म्हणजे माझी नोकरी बांगड्यांच्या जोरावर लागली म्हणायची!"

"आत्या ग्रेट होती यार," सावनी डोळे पुसत म्हणाली.

"पण मला का नाही सांगितलं?" मिहिरने विचारलं. तक्रार नव्हती त्यात, नुसतं कुतूहल होतं. "मी काय रागावलो असतो?"

"तू घरात बसून होतास तेव्हा. रोज दोन-दोन ठिकाणांहून नकार यायचा. त्या म्हणायच्या, आईला हॉटेलात न्यायला आपल्याला जमत नाही, म्हणून लेकरू मनाला लावून घेईल. मुलाने नेलं की उजळ माथ्याने जाऊ."

"मग नोकरी लागल्यावर तरी सांगायचं!"

टेबलावर काहीच सांडलेलं नव्हतं, तरी निहारिकाने हाताने ते पुसलं.

"त्या दिवशी सांगणारच होत्या," ती म्हणाली.

तो दिवस मिहिरला पाठ होता. पत्र घेऊन तो संध्याकाळी धावत घरी आला, तेव्हा आईने दार उघडलं होतं. मित्र पार्टी मागत होते, त्याने सगळ्यांना वाटेला लावलं होतं. आईच्या गळ्यात पडून तो म्हणाला होता, "आई, आज बाहेर नाही जायचं. तुला चालत नाही बाहेरचं, माहितीये मला. आज तुझ्या हातचा साखरभात." आणि आईने हसून पदर खोचला होता. हे सांगून झालं की ऐकणारे नेहमी म्हणत, वा, आईला जपणारा मुलगा. त्यालाही तसंच वाटत आलं होतं.

आता त्याला वेगळंच आठवलं. पदर खोचला तो रेशमी होता.

"ती निळी साडी नेसली होती," तो म्हणाला. "मी समजलो, देवळात जायचं असेल."

"तू फोनवर सांगितलंस तेव्हाच काढली पेटीतून. पावडर लावली, अंबाडा घातला. मला म्हणाल्या, बघ हं, आज तोच म्हणेल, चल आई."

सावनी उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"तू तरी बोलायचंस," मिहिर म्हणाला.

"बोलले ना. स्वयंपाकघरात मागोमाग गेले. म्हटलं, आई, मी सांगते त्याला, असं काय करताय. तर तांदूळ धुवायला घेतले होते. म्हणाल्या, नको गं, किती हौसेने मागतोय."

मिहिरने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मग त्याने विचारलं, "लिसीकडे टेबल सांगून ठेवलं होतं?"

"हो."

"किती वाजताचं?"

"साडेसातचं," निहारिका म्हणाली. "तू आंघोळीला गेलास, तेव्हा मी फोन करून नको म्हणून कळवलं."