पिचकारी खिळ्यावरच बरी

मित्रांनो, मी एक जुनी पिचकारी आहे. पाणी उडवायची नव्हे हं! मेंढ्यांना जंताचं औषध पाजायची. पितळी मूठ, काचेचं पोट, पोटात रबरी चकती आणि पुढे लांबलचक वाकडं तोंड. माझ्या तोंडाकडे बघून हसू नका. ते मुद्दामच असं वाकडं केलेलं आहे, म्हणजे मेंढीच्या गालातून अलगद आत शिरून औषध थेट जिभेच्या मागे सोडता येतं. सरळ तोंडाच्या पिचकारीचं औषध मेंढी फुर्रकन तुमच्याच अंगावर उडवते!

सध्या माझा मुक्काम गोठ्याच्या दाराजवळच्या खिळ्यावर असतो. माझ्या मुठीपासून कोपऱ्यापर्यंत एका कोळिणीने जाळं विणलं आहे. हे ऐकून तुम्हाला माझी दया आली असेल. जरा थांबा. ती दया शेवटपर्यंत राखून ठेवा आणि मग द्यायची की नाही ते ठरवा.

माझा जन्म एका गोंगाटाच्या कारखान्यात झाला. तिथे प्रत्येक पिचकारीत पाणी भरून ती दाबून बघत. मी पहिल्याच दाबाला अशी जोरदार चिळकांडी उडवली, की तपासणाऱ्या माणसाचा चष्मा भिजला. "ही भारीच आहे!" असं म्हणत त्याने मला खोक्यात घातलं. तिथून मी दुकानात आले आणि दुकानातून थोरलीच्या हातात.

थोरली म्हणजे या घरातली मोठी जाऊ. कळप तिचा, शब्द तिचा आणि आवाजही तिचाच. ती कुरणाच्या या टोकाला शिंकली तर त्या टोकाच्या मेंढ्या माना वर करत! तिची माझ्यावर फार माया होती. औषधाचा दिवस हा आमच्याकडे मोठा दिवस असे. सगळा कळप चिंचोळ्या वाटेत कोंडला जाई. थोरली एकेक मेंढी गुडघ्यांत धरी, बाटलीतून आलेली नळी मला जोडलेली असे, आणि मग खट्‌-फस्, पुढची! खट्‌-फस्, पुढची! धडधाकट असो की मरतुकडी, कुणाची सुटका नसे. पाजून झालं की लगेच फाटक उघडून सगळा कळप नव्या, कोवळ्या कुरणात. थोरली म्हणायची, "पोट स्वच्छ, कुरण स्वच्छ! आंघोळ करून कुणी मळके कपडे घालतं का?" मग माझ्यावर थोपटून म्हणायची, "ही आहे म्हणून माझा कळप आहे." मित्रांनो, तेव्हा मी नुसती फुगून जायचे.

मग घरात धाकटी जाऊ आली. तिला एक खोड होती. जी मेंढी दिसेल तिची खालची पापणी अंगठ्याने ओढून ती आत डोकावायची.

"जाऊबाई, औषध पाजायच्या आधी डोळा तरी बघा," ती म्हणाली.

"डोळा बघून काय करू? मेंढीचं लग्न जमवायचंय का मला?"

"अहो, जंत रक्त पितात. रक्त कमी झालं की पापणी आतून पांढरी पडते. लाल असेल तर औषध कशाला?"

"अगं, तुझ्या माहेरी असतील बसून डोळे बघायला माणसं मोकळी. आमच्याकडे सरसकट पाजतात. चल, धर मागचे पाय."

धाकटीने निमूट पाय धरले. खट्‌-फस्, पुढची!

आणि मग भुरी पडली.

भुरी ही थोरलीची लाडकी मेंढी. तिची आई बाळंतपणातच गेली, म्हणून थोरलीने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. ती थोरलीच्या मागे मागे थेट स्वयंपाकघरापर्यंत जायची. त्या वर्षी औषध पाजून फार दिवस झाले नव्हते, तरी भुरी मलूल झाली. तिच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबावी तशी सूज आली. थोरलीने मला धावत काढलं आणि पुन्हा पाजलं. काही फरक नाही. दोन कोकरं तर त्याच आठवड्यात गेली. धाकटीने भुरीची पापणी ओढली आणि थोरलीला दाखवली. आतून कागदासारखी पांढरी होती.

थोरलीने माझ्याकडे बघितलं. ती मला झटकून झटकून विचारत होती, "अगं, तुला झालंय तरी काय?" मला कुठे काय झालं होतं? पण बोलणार कशी?

गुरांची डॉक्टरीण आली. तिच्या निरोपावरून धाकटीने दुसऱ्यांदा औषध पाजण्याआधीच्या आणि नंतरच्या लेंड्या राखून ठेवल्या होत्या. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ती बराच वेळ बसली आणि म्हणाली, "जंतांची अंडी आधी होती तितकीच नंतरही आहेत. या औषधाला तुमचे जंत आता भीकसुद्धा घालत नाहीत."

"असं कसं? मी तर एकही मेंढी कधी सोडली नाही!"

"तेच तर झालंय, ताई. सगळ्यांना पाजलं की साधे जंत मरतात आणि निगरगट्ट तेवढे उरतात. वर तुम्ही कळप लगेच नव्या कुरणात न्यायचात. म्हणजे नव्या घरात राहायला निवडून निवडून गुंडच पाठवलेत! मग त्यांचीच पिल्लं गवतावर आणि गवतातून पुन्हा मेंढ्यांच्या पोटात."

डॉक्टरणीने पिशवीतून एक बुटकी बाटली काढली. "हे वेगळं औषध आहे. याच्यापुढे माझ्याकडे काही नाही. वजन करून पूर्ण मापाने पाजा, पण ज्यांच्या पापण्या पांढऱ्या आहेत त्यांनाच. बाकीच्यांच्या पोटात थोडे साधे जंत राहू देत. ते गुंडांमध्ये मिसळत राहिले तर औषधाची धार टिकेल."

"म्हणजे घरातल्या काही लेकरांना औषध द्यायचं आणि बाकीच्यांना वाऱ्यावर सोडायचं?"

"काही लेकरांना ताप आहे म्हणून बाकीच्यांनाही काढा पाजता का?"

भुरीला औषध मिळालं. मीच पाजलं, अगदी हळू. मग वाट बघणं आलं. भुरी आधी कान हलवायला लागली, मग गवत हुंगायला लागली आणि एका दुपारी धडपडत उभी राहिली. थोरलीने पदरात तोंड लपवलं.

तुम्हाला वाटेल, संपली गोष्ट. पण खरी कसोटी पुढेच होती. औषध न मिळालेल्या मेंढ्या बघून थोरलीच्या जिवाला घोर लागला. शेवटी एका सकाळी तिने मला खिळ्यावरून काढलं, बुटक्या बाटलीला नळी जोडली आणि कळप चिंचोळ्या वाटेत घातला. मला मात्र, खरं सांगते, आनंदच झाला. पुन्हा माझा दिवस आला! तिने एक गुबगुबीत मेंढी गुडघ्यांत धरली आणि माझं तोंड तिच्या गालात घातलं.

तेवढ्यात धाकटी गवताचा भारा घेऊन आली. तिने भारा खाली टाकला.

"पाजा, जाऊबाई. मी पाय धरते."

थोरली चकित झाली. "तू अडवत नाहीस?"

"कळप तुमचा आहे. मी एवढंच विचारते, भुरी परत पडली तर त्या दिवशी या बाटलीत औषध असेल की नुसतं पाणी?"

थोरलीचा अंगठा माझ्या मुठीवर तसाच थांबला. दुसऱ्या हाताने तिने, आयुष्यात पहिल्यांदा, त्या मेंढीची पापणी ओढली. लालबुंद! तिने मेंढी सोडली. दुसरी धरली. लाल. तिसरी, लाल. ती पुढे पुढे जात राहिली आणि मी तिच्या हातात नुसती लटकत राहिले. अगदी शेवटी, दाट लोकरीमुळे चांगलं गुटगुटीत दिसणारं एक कोकरू हाती लागलं. त्याची पापणी पांढरीफटक होती.

"हे बघ, हे बघ! दिसण्यावर गेले असते तर हे मी सोडूनच दिलं असतं!" थोरली ओरडली.

खट्‌-फस्. त्या दिवशी मी एकदाच वाजले. पण त्या एका वाजण्यासाठी मी होते, हे मला तेव्हा कळलं.

आता आमच्याकडे सगळंच बदललंय. दंव वाळल्याशिवाय कळप बाहेर पडत नाही, कारण ओल्या गवतावर जंतांची पिल्लं वर चढून बसतात. गवत घोट्याइतकं असतानाच मेंढ्या पुढच्या तुकड्यात जातात. बुडखा कुरतडू देत नाहीत. मागच्या तुकड्यात शेजाऱ्यांच्या गाई येतात आणि मेंढीचे जंत गवताबरोबर गिळून टाकतात. गाईच्या पोटात त्यांची डाळ शिजत नाही! आणि थोरली? ती दिसेल त्याची पापणी ओढते. परवा तर डॉक्टरणीचीच ओढली. "बाई, तुम्हीच पांढऱ्या दिसताय! जेवता का वेळेवर?" धाकटी हसून हसून गवतावर लोळली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला विसरू नका, आम्हाला वापरा. मी उलटं सांगते. मला धुवा, माझ्या रबरी चकतीला तेलाचं बोट लावा, माझं माप बरोबर आहे ना ते पाण्याने तपासा आणि मला खिळ्यावर राहू द्या. जो खरोखर आजारी असेल, त्याच्यासाठी मला राखून ठेवा. थोरली तेच करते, आणि करताना कोळिणीचं जाळंही जपते.

काल भुरीचं पहिलंवहिलं कोकरू दाराशी आलं आणि मान उंचावून मला हुंगू लागलं. थोरलीने त्याला उचललं, पापणी ओढली, आत बघितलं. जास्वंदीसारखी लाल! तिने त्याला उन्हात सोडलं आणि पाठीवर हलकी चापट मारली.

"पळ! तुझं हिच्याकडे काही काम नाही."

इतकं कौतुक माझं आजवर कुणी केलं नव्हतं.