कालचा नकाशा आणि मी

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे. पितळी कडं, लाकडी मूठ आणि काचेवर वयोमानाप्रमाणे चार ओरखडे. ज्या कारागिराने मला घडवलं त्याला वाटलं असेल, हे एखाद्या घड्याळजीकडे जाईल. पण माझ्या नशिबी ढग आले. माझी नेमणूक झाली विमानतळावरच्या हवामान कचेरीत.

उड्डाणाआधी वैमानिक आमच्याकडे नकाशा वाचायला येतात. झालरीसारखी रेघ दिसली की तिच्या आत गडगडाटी ढग. जाड बाण म्हणजे वरचा सुसाट वारा. ढगाशेजारी ४५० असेल तर त्याचं डोकं पंचेचाळीस हजार फुटांवर. हे सगळं मुंगीएवढ्या अक्षरांत असतं, म्हणून तर माझा तोरा.

आमचे मोठे साहेब चष्म्याला नाक मुरडतात आणि मला वापरतात. येईल त्याला बजावतात, "आधी कोपऱ्यातली चौकट वाचा. तारीख, वेळ. मग ढग." स्वतः मात्र मला थेट ढगांवर नेतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

एकदा वैमानिक बाई आल्या. त्यांची आई त्या दिवशी पहिल्यांदाच विमानात बसणार होती, तीही लेकीच्याच.

"साहेब, आज हादरे नकोत हं. आई भीतीने सकाळपासून पाणीसुद्धा प्यायली नाहीये."

साहेबांनी मला नकाशावरून फिरवलं. "बिनधास्त सरळ जा. वाटेत काही नाही."

"आणि हा तपकिरी पट्टा?"

"छपाईचा दोष."

पण कोपऱ्याजवळून जाताना मी पाहिलं होतं, तारीख कालची होती. दुपारी बाराचा नकाशा रोज येतो, रोज तोंडावळा तोच. आजचा अजून छपाईयंत्रातच पडून होता. माझा जीव टांगणीला लागला. पण भिंगाला वाचा कुठली?

तेवढ्यात फरशी पुसणाऱ्या मावशी चाचरत म्हणाल्या, "साहेब, छपाईचं नाही ते. काल माझ्या हातून चहा सांडला होता. तुम्ही ओरडाल म्हणून गुपचूप पुसला."

"काल?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी मला कोपऱ्यावर नेलं. त्यांचे कान लालबुंद झाले. आजचा नकाशा काढला, तर नेमकी त्याच वाटेवर झालर होती आणि शेजारी ४५०. मावशींना कुणी ओरडलं नाही. बाई लांबचा वळसा घेऊन गेल्या.

संध्याकाळी फोन वाजेपर्यंत साहेबांनी मला मुठीतून सोडलं नाही. त्यांच्या घामाने माझी मूठ ओलीचिंब झाली.

"पोचलो," बाई म्हणाल्या. "आई वाटभर झोपली होती. उतरल्यावर मलाच विचारते, एवढा उशीर? तुला रस्ता माहीत नव्हता का?"

साहेब खो खो हसले, मग बराच वेळ डोळे पुसत बसले.

मित्रांनो, मला मऊ फडक्याने पुसा, उन्हात टाकू नका, ते तर कराच. पण हातात घेतलंत की आधी तारखेवर न्या. विमानात कुणाची तरी आई बसलेली असते.