सोमवारचं मौन

संगप्पाच्या डोक्याला मार लागून नऊ महिने झाले होते. हदगावच्या रस्त्यावर मोटारसायकल घसरली. टाके वाळले, पण माणूस काही पहिल्यासारखा घरी आला नाही. कधी शेजारणीला शिवी हासडायचा, कधी ताट भिरकावायचा, कधी हात उचलायचा. मंजुश्रीनं महादेवाला सोळा सोमवार बोलले: सकाळपासून बारापर्यंत काष्ठमौन. बोलायचं नाही, खूणसुद्धा करायची नाही.

धाकटा दीर गुरुपादप्पा म्हणाला होता, "वहिनी, आणखी एकदा हात उचलला तर दादाला आश्रमात ठेवायचं. माझी लेकरं भिऊन राहिलीत."

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि वही ठेवायला सांगितली. भडका कधी उडाला, त्याआधी काय घडलं, ते लिहायचं. तिसऱ्या खेपेला त्यांनी पानं चाळली.

"बहुतेक सगळं सोमवारी सकाळचंच आहे. सोमवारी काय असतं घरात?"

"माझं मौन," मंजुश्री पुटपुटली. "यांच्यासाठीच धरलंय."

"अहो, त्यांना आत्ताचं आत्ता आठवत नाही. कुठं आहे म्हणून विचारतात, अन् समोरचं माणूस गप्प! घाबरतात ते. दर वेळी उत्तर द्या, तेच शब्द, हळू आवाजात."

बारा सोमवार झाले होते. मंजुश्रीनं देवापुढं नाक घासलं आणि व्रत सोडलं. पुढच्या सोमवारी संगप्पानं वीसदा विचारलं, "मी कुठं हाय?" तिनं वीसदा सांगितलं, "घरी हाव, नांदेडला. मी मंजू." भांडं वाजलं नाही.

पण सासूच्या, कस्तुराबाईंच्या, जिवाला घोर लागला. "अर्ध्यात टाकलेलं व्रत घरावर उलटतं, बाई. राहिलेले मी करते."

"अव्वा, नका. ते विचारत येतील."

"माझं लेकरू हाय ते. मला मारील व्हय?"

त्याच्या पुढच्या सोमवारी अव्वा पिंडीपुढं मौन धरून बसल्या. गोळ्या संपल्या म्हणून मंजुश्री कोपऱ्यावरच्या मेडिकलला गेली. दहा मिनिटं. परतली तेव्हा समई आडवी पडलेली, अव्वांच्या कपाळातून रक्त ओघळत होतं, आणि संगप्पा उंबऱ्यात बसून रडत होता, "ही बाई बोलंना... मी कुठं हाय?"

"घरी हाव. मी मंजू."

तो लगेच निवला. तोवर गुरुपादप्पा धावत आला होता.

"बघा वहिनी! व्रत सोडल्याचं फळ. आईवर हात टाकला यानं."

"भाऊजी, ही वही बघा. अव्वा बोलल्या न्हाईत म्हणून झालं. त्यांनाच विचारा."

"वही तुमची, लिहिणाऱ्या तुम्ही." तो आईकडं वळला. "आई, खरं काय ते सांग. तू बोलली असतीस तर झालं नसतं का हे?"

अव्वांनी नजर पिंडीवर ठेवली. रक्त पुसायलाही हात उचलला नाही.

"नुसती मान हलव, आई."

मान हलली नाही. मंजुश्रीनं पाय धरले. "अव्वा, एक शब्द. महादेव रागावणार न्हाई."

डोळ्यांतून पाणी आलं, शब्द आला नाही.

सव्वाअकराला गुरुपादप्पानं बोलावलेली आश्रमाची गाडी आली. संगप्पा मुकाट चढला. काचेतून त्यानं एकदाच विचारलं, आणि मंजुश्री काही म्हणायच्या आत गाडी वळली.

बारा वाजले. अव्वांनी घंटी वाजवली, तीर्थ घेतलं, पदरानं कपाळ टिपलं.

"तेरा झाले, माय," त्या हळूच म्हणाल्या. "तीनच राहिले. बरा होतोय बघ माझा संगप्पा."

मंजुश्रीनं वही उघडली आणि सोमवारची नोंद केली.