विद्यार्थी संख्या

आहेर बाईंनी व्हिडिओ पुन्हा मागे घेतला आणि मोबाईल डोळ्यांजवळ धरला. पडद्यावर तृप्ती भोये रिकाम्या बाकांसमोर उभी होती. मागे फळ्यावर अंकुर फुटलेल्या बीचं नीटस चित्र.

"बी रुजायला काय काय लागतं?" तिने विचारलं आणि ती थांबली. चांगली थांबली. मग तिची मान जराशी उजवीकडे, खिडकीकडे वळली. "राब भाजायला लागतो, बरोबर. भाताच्या रोपासाठी आपण आधी जमीन भाजतो. पण बीला स्वतःला काय लागतं?"

बाईंनी समोरची वही उघडली. तृप्तीने पाठाचं टाचण आठवड्यापूर्वी फोटो काढून पाठवलं होतं आणि बाईंनी ते वहीत उतरवून तपासलं होतं. अपेक्षित उत्तरं तीनच होती. पाणी, हवा, ऊब. राबाचा त्यात उल्लेखही नव्हता.

बी.एड.च्या मुलामुलींचे सराव पाठ मागच्या बाकावर बसून बघण्यात बाईंची एकतीस वर्षं गेली होती. समोर कुणी नसेल तर शिकवणारा प्रश्न विचारतो आणि लगेच स्वतःच उत्तर देतो. कुणी न दिलेलं उत्तर दुरुस्त करत बसत नाही.

शाळा मार्चातच बंद झाल्या होत्या. उरलेले पाठ कसे घ्यायचे यावर महाविद्यालयाने तोडगा काढला होता. घरीच घ्या, समोर किमान पाच विद्यार्थी बसवा, व्हिडिओ पाठवा. गावात असाल तर ग्रामसेवकाकडून विद्यार्थी संख्येवर सही आणा. मग भावंडं, चुलत भावंडं, शेजारी, सगळे विद्यार्थी झाले. येवल्याच्या एका मुलाने तर वडिलांना मागावरून उठवून पाचवीत बसवलं होतं. ते सगळ्या प्रश्नांना "हो सर" म्हणत होते.

तृप्तीचं तसं जमण्यासारखं नव्हतं. वसतिगृह विलगीकरणासाठी घेतलं तेव्हा तिला पास काढून हरसूलकडे आपल्या पाड्यावर परतावं लागलं, आणि नाशकातून आली म्हणून गावाने तिला चौदा दिवस शाळेच्या खोलीत ठेवलं. वडील, सोमा, पायरीवर भाकरी ठेवून लांबूनच हाक मारून जात. तिचे अजून सहा दिवस बाकी होते. पाठाचे गुण पाठवायची मुदत मात्र परवा संध्याकाळी संपत होती. हा शेवटचा पाठ धरला नाही तर वर्ष वाया जाणार होतं, आणि आणखी एक वर्ष शिकवणं सोमाच्याने होणार नव्हतं. हे त्यानेच डिसेंबरात महाविद्यालयाच्या व्हरांड्यात उभं राहून, टोपी हातात घेऊन सांगितलं होतं.

बाईंनी फोन लावला.

"तृप्ती, खिडकीबाहेर किती जण होते?"

"कुणी नव्हतं, मॅडम."

"मग राब कुणी भाजला?"

मग ती हळूहळू बोलू लागली. नऊ मुलं होती. दुपारी राखणीचा माणूस जेवायला गेला की यायची आणि खिडकीपासून दहा हातांवर, भिंतीच्या सावलीत बसायची. पहिल्या दिवशी तिने हाकलून दिली. दुसऱ्या दिवशी ती पाट्या घेऊन आली. बाईंनी ताप, खोकला, सगळं खोदून विचारलं. तिला काहीही झालेलं नव्हतं.

"मग नऊ लिहू?"

"नको, मॅडम. ग्रामसेवकांची सही लागंल. गावाला कळलं तर त्यांना पण इथंच आणून कोंडतील. धाकटी पाच वर्षांची हाय. तुम्ही शून्य लिहा."

"शून्य लिहिलं तर पाठ रद्द होतो."

"माहितीय मला."

फोन ठेवून बाई गॅलरीत आल्या. खाली नाशकातला द्वारका चौक मोकळा पडला होता. त्यांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर रुग्ण सापडल्यापासून फाटकाला बांबू बांधले होते. आज अकरावा दिवस. दूध दोरीला बांधलेल्या बादलीतून वर येत होतं. वरच्या मजल्यावरचे गोरक्ष काका रोज सकाळी गच्चीपर्यंत जात, कुलूप ओढून बघत आणि परत येत. बाईंचंही कालपासून एकच कपाट दोनदा लावून झालं होतं.

टेबलावर निरीक्षणाचा कागद होता. सगळे रकाने भरलेले, फक्त विद्यार्थी संख्येचा कोरा. एका मुलाने एकदा बेचाळीसच्या जागी पंचेचाळीस लिहिले होते, तेव्हा बाईंनी त्याला वर्गात परत पाठवून डोकी मोजायला लावली होती. त्यांनी पेन उचललं आणि टोपण लावून खाली ठेवलं.

जिन्यात चेंडू आपटत होता. मागोमाग खालच्या मजल्यावरच्या रुद्रच्या आईचं त्याच्यावर ओरडणं आलं. चेंडू थांबला, आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला. बाईंनी दार उघडलं आणि त्याला घरोघर निरोप द्यायला सांगितलं. दाराबाहेरूनच, हे दोनदा बजावलं.

प्राचार्यांना समजवायला अर्धा तास लागला. फोनवरून घेतलेला पाठ चालेल, ते शेवटी म्हणाले, पण मुलं पाच हवीत आणि बाईंनी स्वतः मोजायला हवीत. तृप्तीला राखणदाराच्या जेवणाचीच वेळ सोयीची होती. तेव्हा तिला खिडकी उघडून मोबाईल तिथे ठेवता येई; नेटवर्क तिथेच मिळे.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यात मुलं बसली. एका पायरीवर एक, मध्ये तीन पायऱ्या रिकाम्या, तोंडाला मास्क. बाईंनी स्टुलावर पिठाचा डबा ठेवून त्याला मोबाईल टेकवला.

"आजी, सुट्टीत कसली शाळा?" रुद्र म्हणाला.

"तुला ही सुट्टी वाटते का?"

त्याने जिन्याच्या जाळीतून खाली फाटकाकडे पाहिलं आणि मांडी घातली.

बाईंनी मुलं मोजली. पुन्हा मोजली, आणि रकान्यात पाच लिहिलं.

तृप्तीचं चित्र अडखळत होतं, आवाज मात्र स्पष्ट येत होता. सुरुवातीला ती फार भरभर बोलली. मग सृष्टीने कुंडीतल्या तुळशीचं काहीतरी विचारलं आणि ती सावरली. सायलीने आईकडून मूठभर मूग आणून सगळ्यांना चार चार वाटले. दहा मिनिटांत मुलं पुढे वाकून बसली होती.

"बी पेरली, पाणी घातलं," तृप्ती म्हणाली. "आता आधी काय बाहेर येईल?"

"पान," रुद्र म्हणाला.

"फूल," सायली म्हणाली, आणि बाकीची हसली.

तृप्ती थांबली. जिन्यात कुणाचाच हात वर झाला नाही.

"मूळ! आधी मूळ येतंय, ताई!"

आवाज मोबाईलमधून आला होता, पण तृप्तीचा नव्हता. लांबून, उघड्यावरून आला होता. पाठोपाठ कुणीतरी कुणाला तरी गप्प केलं आणि दोन-तीन जण दबून हसले. पडद्यावर तृप्तीचा खडू धरलेला हात तसाच राहिला. ती थेट बाईंकडे बघत होती.

सायलीने मोबाईलकडे बोट दाखवलं. "आजी, हे कोण बोललं?"

बाईंनी वाकून मोबाईलचा आवाज पूर्ण वाढवला.

"आपल्याच वर्गातली आहेत," त्या म्हणाल्या. "इथे जागा पुरली नाही, म्हणून लांब बसलीत."