साळिंदर न खाणारं दार

उंपांग पाहुणे घेऊन आला की होडीच्या इंजिनाआधी त्याचाच आवाज लांबघरात पोचायचा. नदीच्या वळणावरूनच तो ओरडायचा, "ताई, चूल पेटव! भुकेले वाघ आणलेत!"

आजचे वाघ म्हणजे क्वालालंपूरच्या कुठल्याशा ऑफिसातली पाच गुबगुबीत माणसं होती. गळ्यात कॅमेरे आणि जळवांच्या भीतीने गुडघ्यापर्यंत ओढलेले मोजे. जगात जे जे चालतं, सरपटतं नि उडतं ते एकदा तरी चाखून बघायचं, असा त्यांचा पण होता. मगर झाली होती, वटवाघूळ झालं होतं, आता सारावाकच्या रानाची पाळी होती. पोटं भरलेली असली की माणसाला काय काय सुचतं!

सेंदीला मात्र या लोकांचा राग नव्हता. ती पन्नाशीची, रुंद खांद्यांची बाई. लांबघर म्हणजे एकाच छपराखाली ओळीने सतरा कुटुंबं, प्रत्येकाचं एक दार; त्या सतराच्या सतरा दारांमध्ये तिच्यासारखं बांबूतलं मांस कुणाला जमायचं नाही, आणि कौतुक कुणाला नको असतं? शिवाय हे सगळं तिचा उंपांग करत होता. आई लवकर गेली, तेव्हापासून या धाकट्या भावाला तिनेच न्हाऊमाखू घातलं होतं. शहरात चार नोकऱ्या सोडून शेवटी त्याने हा पाहुण्यांना रानातलं खाऊ घालायचा धंदा काढला, तेव्हा सगळे हसले होते. सेंदी हसली नव्हती. ती बांबू तोडायला गेली होती.

सामाईक ओसरीवर चटया पसरल्या. आधी आला भाजलेला अजगर, मग पिसोरी हरणाचं सुकं. पाहुण्यांनी आधी फोटो काढले, मग खाल्लं, मग एकमेकांच्या तोंडाकडे बघून माना डोलावल्या. मग सेंदीने साबुताडाच्या खोडातल्या जिवंत अळ्यांची परात पुढे सरकवली आणि वाघांचं मांजर झालं. त्यांच्यातली एक चष्मेवाली बाई तर चटईवरून मागेच सरकली.

"नको मावशी. माफ करा, पण हे नाही होणार माझ्याच्याने."

"नको तर नको," सेंदी म्हणाली, "पण बोट लाव."

"काय?"

"अहो, इथे समोर आलेलं अन्न असंच परत पाठवत नाहीत," उंपांगने समजावलं. "नुसतं बोट लावायचं आणि ते ओठांना लावायचं. झालं, मान राखला. नाहीतर वाटेत साप चावतो, होडी उलटते, काहीही होतं. पाहुणा घाईत असला की तो बोट लावून निघतो, आम्ही वाईट नाही वाटून घेत."

"आणि घरचं माणूस?" एकाने विचारलं.

"घरचं माणूस कशाला बोट लावेल? ते बसून जेवतं!" उंपांग हसला.

बाईने डोळे मिटून एका अळीला बोटाचं टोक टेकवलं, ओठांना लावलं आणि लगेच पाण्याचा तांब्या मागितला. ओसरीवरच्या बायका पोट धरून हसल्या.

मग सेंदीने चुलीवरचे बांबू उतरवले. हे मांस उंपांगने बर्फाच्या पेटीतून आणलं होतं. कातडं काढलेलं, नीट तुकडे केलेलं. "रानडुकराचं पिल्लू आहे, ताई," तो म्हणाला होता. साथीत रानडुकरं मेल्यापासून या भागात ते मांस दुर्मीळच झालं होतं. भाऊ ते कुठून पैदा करतो, याचंच तिला अप्रूप वाटलं. आलं, गवती चहा आणि शाबुकंदाची कोवळी पानं घालून तिने ते बांबूत ठासलं होतं. आता बांबू चिरला तसा असा वास सुटला की शेजारच्या दारातली म्हातारी उठून बसली.

पाहुणे तुटून पडले. कुणीतरी कॅमेरा सेंदीवर रोखला. "मावशी, तुम्ही पण घ्या ना! एक घास!"

सेंदीने एक घेतला, मग दुसरा घेतला. "आजचं डुक्कर फारच कोवळं आहे," ती म्हणाली. पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि चष्मेवालीने ओठ मिटून हसू दाबलं. सेंदीला वाटलं, आपल्या बोलण्याची गंमत वाटली असेल.

चूल पेटली की शेजारी वाटी जाते, हा तिथला रिवाज. तिने एका वाडग्यात चार तुकडे घातले आणि ओसरीच्या मधल्या दाराकडे, म्हणजे कुडीकडे गेली. कुडी लांबघराचा तुआय, सगळ्यांचा वडीलधारा. सत्तरी उलटलेली, पण दात शाबूत आणि जीभ तिखट.

"काय गं सेंदी, तुझ्या वाघांनी उरवलं होय काही?"

"तुमचा वाटा आधीच काढला होता, तुआय. रानडुक्कर आहे. खूप दिवसांनी मिळालंय."

कुडीने तुकडा तोंडात टाकला, दोनदा चावला आणि थांबला. तो घास त्याला ना गिळता येईना ना थुंकता येईना. शेवटी त्याने तो तळहातावर काढून घेतला आणि वाडगा खाली ठेवला.

"तू खाल्लंस हे?"

"दोन घास. का? खारट झालंय का?"

"कुणी आणलं?"

"उंपांगने." सेंदीच्या आवाजात आता धास्ती होती. "काय झालं, तुआय? बोला ना!"

"पोरी," म्हातारा खाली बघत म्हणाला, "हे डुक्कर नाही. साळिंदर आहे."



तिला कळणार तरी कसं? जिने छत्तीस वर्षं ती चव जिभेला लागू दिली नाही, तिला ती ओळखता येणार कशी? लांबघरातल्या कुठल्याही शेंबड्या पोराने पहिल्या घासाला सांगितलं असतं. सांगू शकणार नव्हती ती एकटी सेंदी. आणि हे ज्याला पक्कं ठाऊक होतं, त्यानेच ते आणलं होतं.

छत्तीस वर्षांपूर्वी आठ वर्षांचा उंपांग रानात दुरियनची फळं वेचायला गेला आणि परतलाच नाही. त्याच्यावर लक्ष ठेवायचं काम चौदा वर्षांच्या सेंदीकडे होतं, आणि ती नदीवर मैत्रिणींशी गप्पा मारत बसली होती. तीन दिवस सगळी माणसं रान पिंजत होती. चौथ्या दिवशी बापाला आणि कुडीला तो सापडला. साळिंदराच्या बिळाच्या तोंडाशी मुटकुळं करून पडला होता, अंगावर ओरखडा नाही. "रात्रभर माझ्या पाठीशी कुणीतरी ऊबदार झोपायचं," त्याने सांगितलं. "त्याच्या अंगाला काटे होते, पण मला नाही टोचले." ऐकून सगळं लांबघर रडलं. बापाने उगारलेला हात खाली घेतला आणि पोराला उराशी धरलं.

सेंदी दुसऱ्या दिवशी भात आणि अंडं घेऊन त्या बिळापाशी गेली. मातीवर डोकं टेकून म्हणाली, "तू माझा भाऊ परत दिलास. तुझ्या कुळातलं मांस माझ्या तोंडी जाणार नाही. गेलं, तर दिलेलं परत ने."

तेव्हापासून तिचं दार साळिंदर न खाणारं दार झालं. लग्नाआधी नवऱ्याला तिने पहिलं हेच सांगितलं होतं. तो देवाघरी गेला, पण त्यानेही ते शेवटपर्यंत पाळलं. आणि लांबघराने? कुणी साळिंदर मारलं तर ते इकडे आणलंच जायचं नाही. नदीच्या पलीकडच्या काठावर शिजायचं, तिथेच खायचं, भांडी राखेने घासायची, चुळा भरायच्या आणि मग अलीकडे यायचं. शिकारीची वाटणी सतरा दारांना होते, म्हणून सेंदीच्या दारात त्या दिवशी मासा नाहीतर कोंबडी यायची. कुणी नाक मुरडलं नाही, कुणी विसरलं नाही. दरवेळी उतारवयातली माणसंसुद्धा होडीत बसून पलीकडे गेली.

सेंदी ओसरीवरून धावत सुटली. उंपांग पायऱ्यांपाशी बर्फाची पेटी धूत होता. तिने आधी त्याचे दोन्ही दंड धरले आणि त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं. कपाळाला हात लावून बघितला. राग नंतर आला, आधी भीतीच आली.

"बरं वाटतंय ना तुला? डोकं जड नाही ना? आज होडी तू नाही चालवायची. आज तू इथेच राहा."

"अगं, काय झालंय काय?"

"ते साळिंदर होतं."

उंपांगने पेटी खाली ठेवली. "कुणी सांगितलं?"

नाही म्हणाला असता, चूक झाली म्हणाला असता, विकणाऱ्याने फसवलं म्हणाला असता, तरी तिने मान्य केलं असतं. तिला मान्य करायचंच होतं. पण तो म्हणाला, कुणी सांगितलं.

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"ताई, शांत हो. त्या लोकांना साळिंदरच हवं होतं, आणि तेही तुझ्या हातचं, बांबूतलं. तुला सांगितलं असतं तर तू शिजवलं असतंस का?"

"मला खायला दिलंस, उंपांग. मी तोंडात घातलं, तू समोर बसला होतास."

"कॅमेरा चालू होता गं. मध्येच कसं अडवणार? आणि हे बघ," तो हसला. लहानपणी काही फोडलं की हसायचा तसंच. "ही काही पहिली वेळ नाही. सणाच्या आधी आणलेलं तेही तेच होतं. त्याच्या आधीचंही. झालं का काही मला? तीन वेळा खाल्लंस तू, आणि मी उभा आहे ना तुझ्यासमोर धडधाकट?"

सेंदी पायरीवर बसली. तीन वेळा. सणाच्या आधी तिने त्या डुकराचा रस्सा भातावर घेऊन खाल्ला होता आणि भावाला मनापासून दुवा दिला होता. दोन्ही वेळी तुआय लेकाकडे गेला होता, आणि उरलेला वाडगा उंपांगने आपल्या हाताने पाहुण्यांच्या पुढ्यात रिकामा केला होता. तिला वाटलं होतं, किती उमदा आहे माझा भाऊ.

"तुझ्या पाठीशी कोण झोपलं होतं रे?" तिने हळूच विचारलं. "तीन रात्री?"

उंपांग नदीकडे बघायला लागला.

"कुणी नाही."

"काय म्हणालास?"

"कुणी नव्हतं, ताई. कोरडी जागा होती म्हणून मी बिळात शिरलो. बाप वेताची छडी घेऊन उभा होता, मला सालटं निघताना दिसत होती. सुचलं ते बोललो. आठ वर्षांचा होतो मी! नंतर तुम्ही सगळे रडायला लागलात, तू तिकडे भात काय नेलास, शपथ काय घेतलीस... मग कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

छत्तीस वर्षं. सेंदीला रडू आलं नाही, आली ती लाज. तिला आपल्यासाठी होडीत चढताना पाय घसरून पडलेली शेजारची म्हातारी आठवली. केसाने गळा कापला या पोराने. तिचा एकटीचा नाही, सगळ्यांचाच.

"तू खोटं बोललास," ती म्हणाली, "पण मी पाळत होते ते खोटं नव्हतं. ते तरी शिल्लक ठेवायचंस रे."

पाहुणे हाका मारत होते म्हणून तो सुटल्यासारखा वर गेला.

थोड्या वेळाने कुडी काठी टेकत आला आणि तिच्याशेजारी पायरीवर बसला. त्याने सगळं ऐकलं होतं. लांबघरात भिंतीपलीकडचं कुणाला ऐकू येत नाही?

"सेंदी, वाईट नको वाटून घेऊस, पण विचारायला हवं. आता पुढच्या वेळी पोरांनी साळिंदर मारलं तर... आम्ही नदी ओलांडायची की नाही?"

शपथ मोडली होती, शपथेमागची गोष्टही खोटी निघाली होती. आजपासून सेंदी काहीही खायला मोकळी होती. तिला कुणी दोष दिला नसता.

"ओलांडा, तुआय," ती म्हणाली. "माझं दार अजून साळिंदर खात नाही."

"पण तो तर म्हणाला..."

"त्याच्यासाठी नाही आता. तुम्ही सगळे इतकी वर्षं माझ्यासाठी पलीकडे गेलात, ते तर खरं होतं ना?"

कुडीचे डोळे भरून आले होते, पण तो माशा हाकलत बसला.

दुपारी पाहुणे होडीत बसले. उंपांग पुन्हा पायऱ्या चढून आला. त्याच्या हातात बशी होती आणि बशीत थरांच्या केकचा मोठा तुकडा. दर खेपेला तो शहरातून तिच्यासाठी हा केक आणायचा, आपल्या हाताने कापायचा, आणि ती सगळी कामं टाकून, मांडी घालून तो संपवायची.

"घे ना, ताई. यात नुसतं लोणी नि साखर आहे, शप्पथ." त्याने हसून बघितलं. "खा ना. तू खाल्ल्याशिवाय मी निघणार नाही."

सेंदीने बशीकडे बघितलं. मग हात पुढे केला, केकच्या कडेला एक बोट टेकवलं, ते ओठांना लावलं आणि हात मागे घेतला.

उंपांगच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. बशी त्याच्या हातात तशीच राहिली.

"ताई," तो म्हणाला, "मी काय पाहुणा आहे?"

सेंदी रिकामे बांबू गोळा करायला वळली.

"जा," ती म्हणाली. "बाकीचे पाहुणे खोळंबलेत."